मांडीचा स्नायू हृदयात: पॅरिसच्या प्रयोगात ताल कुठे बिघडला

१५ जून २००० रोजी पॅरिसच्या बिशा रुग्णालयात ७२ वर्षांच्या एका गृहस्थांची बायपास झाली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, डाव्या कप्प्याच्या भिंतीचा एक भाग मरून तिथे नुसता व्रण उरलेला. अशा व्रणाला नवी रक्तवाहिनी जोडून उपयोग नसतो. रक्त पोचेल, पण ते वापरायला तिथे जिवंत स्नायूच नसतो. म्हणून शल्यविशारद फिलिप मेनाशे यांनी बायपास केली ती हृदयाच्या दुसऱ्या, जिवंत पण उपाशी राहिलेल्या भागाला. व्रणात मात्र त्यांनी सुईने सुमारे ८० कोटी पेशी टोचल्या. या पेशी त्याच रुग्णाच्या मांडीतल्या होत्या. शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी स्नायूचा छोटा तुकडा काढून त्या प्रयोगशाळेत वाढवल्या होत्या.

पाच महिन्यांनी इकोमध्ये व्रणाची जागा आकुंचन पावताना दिसली आणि पेट स्कॅनमध्ये तिथे चयापचयही दिसला. जानेवारी २००१ मध्ये 'लॅन्सेट'ने हा अनुभव पत्ररूपाने छापला. माणसाच्या हृदयात कंकाल स्नायूच्या, म्हणजे हातापायांसारख्या हाडांना जोडलेल्या स्नायूच्या, पेशी रोवल्याची ही पहिली नोंद. पुढच्या दोनेक वर्षांत याच गटाने आणखी रुग्ण घेतले, एकूण दहा. त्या दहांपैकी चौघांना शस्त्रक्रियेनंतरच्या काही आठवड्यांत टिकून राहणारा व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया (व्हीटी), म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारा धोकादायक वेगवान ताल, झाला आणि त्यांच्या छातीत शॉक देणारं यंत्र, म्हणजे आयसीडी, बसवावं लागलं.

दहात चार हा आकडा घाबरवतो. पण त्यातून नेमकं काय सिद्ध होतं, हे ठरवायला पुढची आठ-दहा वर्षं लागली आणि ते पूर्ण ठरलं असं आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. नव्या उपचाराचा धोका कसा दिसतो, कसा दिसत नाही आणि तो मोजायला काय लागतं, हे या एका प्रकरणात फार स्वच्छ पाहायला मिळतं.

मांडीच का?

हृदयाचा स्नायू मेला की जवळपास कायमचा मेला. झटक्यात अब्जावारी पेशी जातात आणि शरीर तिथे फक्त तंतुमय ऊतक भरून काढतं. हातापायांच्या स्नायूंचं तसं नाही. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या स्नायूतंतूंच्या कडेला चिकटून बसलेल्या लहान पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सापडल्या. त्यांना सॅटेलाइट पेशी म्हणतात. स्नायूला इजा झाली की या जाग्या होतात, वाढतात आणि एकमेकींत मिसळून नवा तंतू घडवतात. वाढण्याच्या अवस्थेत त्यांचं नाव मायोब्लास्ट.

हृदयशल्यविशारदांच्या दृष्टीने ही पेशी म्हणजे आयती सोय होती. रुग्णाची स्वतःची, त्यामुळे शरीर नाकारण्याची भीती नाही. प्रयोगशाळेत दोन-तीन आठवड्यांत कोट्यवधी होते. कमी प्राणवायूत तग धरते, आणि व्रणात प्राणवायू कमीच असतो. स्नायूच होणार हे आधीच ठरलेलं असल्याने गाठ होण्याचा धोकाही कमी. १९९८ मध्ये डोरिस टेलर यांच्या गटाने सशांच्या इजा झालेल्या हृदयात मायोब्लास्ट टोचले आणि हृदयाचं काम सुधारल्याचं 'नेचर मेडिसिन'मध्ये मांडलं. म्हणजे पॅरिसची शस्त्रक्रिया हवेतून आलेली नव्हती. तिच्यामागे प्राण्यांवरचं बरंच काम होतं.

त्या कामाचा रोख मात्र एकाच प्रश्नाकडे होता: हृदय जोरात आकुंचन पावतं का? ताल नीट राहतो का, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला होता. मला हे दुर्लक्ष नुसतं योगायोगाचं वाटत नाही. हृदय म्हणजे पंप, ही प्रतिमा इतकी घट्ट बसलेली आहे की घरातल्या हृदयरुग्णाचा रिपोर्ट आला की आपणही आधी ईएफचा आकडाच बघतो. ईएफ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकलं जातं त्याचं माप. पण दुबळ्या हृदयाचा रुग्ण दोन वाटांनी दगावतो. एक म्हणजे पंप थकत जातो. दुसरी वाट अचानकची: विजेचा ताल क्षणात विस्कटतो आणि काही मिनिटांत सारं संपतं. पहिल्या वाटेवरचा उपचार दुसरी वाट रुंद करत असेल तर नफ्यातोट्याचा हिशोबच बदलतो.

चार रुग्ण, दोन वाचनं

दहा रुग्णांचा पूर्ण अहवाल २००३ मध्ये आला. प्रत्येकाला सरासरी ८७ कोटी पेशी दिल्या होत्या. एकाचा मृत्यू लवकर झाला, पण त्याचा पेशींशी संबंध नव्हता. बाकीच्यांचा ईएफ सरासरी २४ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर गेला आणि दम लागण्याची पायरी खाली आली. पेशी टोचलेल्या २२ जागांपैकी १४ जागा आकुंचनाच्या वेळी जाड होताना दिसल्या. आणि चार जणांना व्हीटी. हे त्यांनी झाकलं नाही, सारांशातच लिहिलं. त्या काळात पेशी-उपचारांभोवती जो जल्लोष होता तो आठवला तर या प्रामाणिकपणाचं मोल कळतं.

आता या चारांकडे कसं पाहायचं? एक वाचन असं: हे रुग्ण तसेही व्हीटीचेच उमेदवार होते. ईएफ ३५ टक्क्यांखाली, भिंतीत जुना व्रण, वर मोठी शस्त्रक्रिया. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅडिट-२ चाचणीत झटका येऊन गेलेले आणि ईएफ ३० टक्के किंवा त्याहून कमी असलेले १,२३२ रुग्ण होते. साधारण वीस महिन्यांत नेहमीच्या औषधोपचारावरचे १९.८ टक्के दगावले, तर आयसीडी बसवलेल्यांपैकी १४.२ टक्के. म्हणजे अशा हृदयात प्राणघातक लयबिघाड मुळातच दबा धरून बसलेला असतो. पेशी टोचल्या नसत्या तरी काहींना व्हीटी झालाच असता.

दुसरं वाचन याच्या उलट. १९९७ च्या 'कॅबेज पॅच' चाचणीत कमी ईएफच्या ९०० बायपास रुग्णांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेतच आयसीडी बसवला होता आणि त्यांचं आयुष्य काही वाढलं नाही. याचा एक अर्थ असा लावला गेला की बायपासमुळे रक्तपुरवठा सुधारला की लयबिघाडाने मरण्याचा धोका बराच उतरतो. मग दहात चौघांना टिकाऊ व्हीटी होणं हे नेहमीचं कसं म्हणायचं? शिवाय वेळ बघा. चौघांचाही व्हीटी शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याच्या सुमारास एकवटलेला. नुसता जुना व्रण इतकं वेळापत्रक पाळत नाही.

दोन्ही वाचनं तर्काला धरून आहेत आणि दहा रुग्णांच्या, तुलनागट नसलेल्या मालिकेतून त्यांच्यात निवड करता येत नाही. तो या मालिकेचा दोष म्हणता येणार नाही. पहिल्या टप्प्यातल्या चाचणीचं काम 'हे करता येतं का' एवढंच तपासण्याचं असतं. गोंधळ होतो तो अशा मालिकेतला ईएफचा आकडा पुरावा म्हणून उचलला जातो आणि व्हीटीचा आकडा योगायोग म्हणून बाजूला ठेवला जातो तेव्हा. तुलनागट नसणं दोन्ही आकड्यांना सारखंच बाधतं. बायपासनेही ईएफ सुधारू शकतो.

इतर केंद्रांचे अनुभवही एका सुरात नव्हते. पोलंडमधल्या पोझनानच्या गटाला सुरुवातीच्या रुग्णांत व्हीटी दिसला, तेव्हा त्यांनी पुढच्या रुग्णांना आधीपासूनच अमायोडॅरोन हे ताल सावरणारं औषध सुरू केलं. रॉटरडॅममध्ये छाती न उघडता, कॅथेटरने पेशी टोचल्या, तिथेही पाचांपैकी एकाला आयसीडी लागला. स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या गटाला मात्र पेशींमुळे झालेला म्हणता येईल असा लयबिघाड दिसला नाही. त्यांनी पेशी वाढवताना वासराच्या गर्भाचं सीरम (रक्तातला पातळ द्रव) न वापरता रुग्णाचंच सीरम वापरलं होतं. त्यावरून एक तर्क पुढे आला की परक्या प्रथिनांमुळे होणारा दाह हाच खरा गुन्हेगार असावा. तर्क आकर्षक आहे, कारण तो खरा असता तर उपाय सोपा होता. पण प्रत्येक केंद्रात मात्रा, सुईचा मार्ग, रुग्णांची निवड, औषधं सगळंच वेगळं. डझनभर रुग्णांवरून सीरमला दोषी किंवा निर्दोष ठरवणं म्हणजे हव्या त्या उत्तराकडे झुकणं होतं.

तारा न जोडलेला स्नायू

या प्रकरणाचा गाभा मला पेशींच्या पातळीवर सापडतो आणि तो समजायला थोडं थांबावं लागेल.

हृदयाच्या स्नायूपेशी एकमेकींना नुसत्या चिकटलेल्या नसतात, त्यांच्यात विजेचे दरवाजे असतात. हे दरवाजे कनेक्सिन-४३ नावाच्या प्रथिनाचे बनतात. एक पेशी उद्दीपित झाली की विद्युतभारित कण या दरवाजांतून शेजारणीत जातात, ती उद्दीपित होते, तिच्याकडून पुढची. सगळा कप्पा जणू एकच पेशी असल्यासारखा आकुंचन पावतो तो यामुळे. कंकाल स्नायूची रीत वेगळी. दंडाचा किंवा मांडीचा प्रत्येक तंतू आपापल्या मज्जातंतूच्या आज्ञेवर चालतो, शेजाऱ्याच्या नाही. वाढत्या मायोब्लास्टमध्ये थोडं कनेक्सिन असतं, पण पेशी मिसळून प्रौढ तंतू होऊ लागला की ते नाहीसं होतं. म्हणजे व्रणात रोवलेली पेशी जगली, मोठी झाली, तर ती हृदयापासून विजेच्या दृष्टीने तुटते. मेली तर प्रश्नच नाही, आणि बहुसंख्य टोचलेल्या पेशी पहिल्या काही दिवसांतच मरतात.

पॅरिसच्या मालिकेतला एक रुग्ण साधारण दीड वर्षाने वारला, तेव्हा त्याचं हृदय तपासता आलं. व्रणात मांडीसारखे तंतू खरोखरच होते, आकुंचनाची यंत्रणा शाबूत असलेले. ही मोठी गोष्ट होती: पेशी टिकतात. पण त्या हृदयपेशी झाल्या नव्हत्या. त्याच वर्षी, २००३ मध्ये, उंदरांच्या हृदयात रोवलेल्या तंतूंमध्ये सूक्ष्म विद्युतअग्र घालून थेट नोंदी घेतल्या गेल्या. तंतू उद्दीपित होऊ शकत होते, पण आजूबाजूच्या हृदयाच्या ठोक्याशी त्यांचा मेळ नव्हता. हृदयाच्या कप्प्यातली उद्दीपनाची लहर दोनशे ते तीनशे मिलिसेकंद टिकते, कंकाल तंतूची काही मिलिसेकंदांत आटोपते. दरवाजे असते तरी दोघांचं घड्याळ जुळवणं सोपं नव्हतं.

मग ठोका नसलेली ही पेशी बिघाड कसा घडवते? गणेश विसर्जनाची मिरवणूक डोळ्यांसमोर आणा. रस्त्याच्या मधोमध मंडप आहे, म्हणून मिरवणूक त्याच्या दोन्ही बाजूंनी फुटते. दोन्ही गल्ल्या सारख्या असतील तर माणसं पलीकडे एकाच वेळी पोचतात आणि पुढे जातात. पण एका गल्लीचं अलीकडचं तोंड गर्दीने अडलं, त्यामुळे सगळे दुसऱ्या गल्लीने गेले, आणि ती गल्ली अशी चिंचोळी की पलीकडे पोचेपर्यंत पहिलीतली गर्दी पांगून ती मोकळी झालेली. आता पुढे निघालेल्यांपैकी काही जण त्या मोकळ्या गल्लीत मागच्या बाजूने शिरतात, मंडपाला वळसा घालून पुन्हा चिंचोळ्या गल्लीच्या तोंडाशी येतात आणि फेरा सुरू होतो. हृदयात याला रीएंट्री म्हणतात. त्याला तीन गोष्टी लागतात: मध्ये अडथळा, एका वाटेवर एकाच दिशेने अडवणूक आणि दुसऱ्या वाटेवर मंद गती. जुना व्रण अडथळा आधीच पुरवतो. व्रणाच्या कडेला मेलेल्या तंतूंच्या मधून जिवंत पेशींच्या बारीक वाटा असतात, तिथे गती मंद असते. त्याच कडेला न जोडलेल्या पेशींचे पुंजके रोवले की वाटा आणखी वेड्यावाकड्या, आणखी मंद.

यात सुईची भर पडते. तीस-चाळीस टोचे म्हणजे तीस-चाळीस बारीक जखमा. प्रत्येकीभोवती सूज, मेलेल्या पेशींचा कचरा, दाह. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हा दाह आणि मायोब्लास्टचं कनेक्सिन गमावणं एकाच सुमारास घडतं. चौघांच्या वेळापत्रकाशी हे जुळतं, म्हणून दाहवाले आणि कनेक्सिनवाले दोघेही आपापली बाजू मांडू शकले.

निवाड्याच्या दिशेने नेणारे दोन प्रयोग सांगण्यासारखे आहेत. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने काचेच्या ताटलीत उंदराच्या पिल्लांच्या हृदयपेशी आणि माणसाचे मायोब्लास्ट मिसळून थर वाढवले. मिश्र थरात लहर मंदावली आणि गोल फिरू लागली. ना सुई, ना दाह, ना व्रण, तरीही फेरा. मायोब्लास्टमध्ये कनेक्सिन-४३ चं जनुक घातलं तेव्हा हे फेरे कमी झाले. २००७ मध्ये बॉनच्या संशोधकांनी आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये जिवंत उंदरांवरचं काम छापलं. झटका दिलेल्या हृदयात गर्भातल्या हृदयपेशी रोवल्या तर कृत्रिमरीत्या व्हीटी घडवणं अवघड होई. साधे मायोब्लास्ट रोवून असं संरक्षण मिळालं नाही. कनेक्सिन-४३ बनवणारे मायोब्लास्ट रोवले तर मिळालं. एकच प्रथिन घातलं आणि तीच पेशी धोकादायकची राखणदार झाली. दाहाचा वाटा यामुळे शून्य होत नाही, पण न जुळणं हे मुख्य कारण आहे या मताकडे मी यानंतर निःशंक झुकतो.

मॅजिक आणि तिचा आकार

मेनाशे यांच्या गटाने पुढे जे केलं ते मला या प्रकरणातलं सर्वात विचारी पाऊल वाटतं. मॅजिक नावाच्या चाचणीत त्यांनी ईएफ १५ ते ३५ टक्के असलेल्या बायपास रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले: ४० कोटी पेशी, ८० कोटी पेशी आणि पेशीविरहित द्रव (प्लासिबो). मांडीचा तुकडा सगळ्यांचाच काढला, म्हणजे कोणाला काय मिळालं हे रुग्णालाही कळू नये. आणि प्रत्येकाला, प्लासिबो गटालाही, आयसीडी बसवला.

या शेवटच्या अटीने दोन कामं केली. व्हीटी झालाच तर माणूस वाचेल, ही सोय झाली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आयसीडी चोवीस तास ताल लिहून ठेवतो. रुग्णाला चक्कर आली की नाही, तो वेळेवर रुग्णालयात पोचला की नाही, त्या क्षणी ईसीजी लावलेला होता की नाही, यांवर धोक्याचं मोजमाप अवलंबून राहिलं नाही. तिन्ही गटांना तीच पट्टी. पहिल्या मालिकेत जे बसवणं संकटानंतर आलं ते इथे आधीच आलं.

२००६ मध्ये देखरेख समितीच्या सल्ल्यावरून नवी भरती थांबवण्यात आली; पेशींचा फायदा दिसण्याची शक्यता फार कमी उरली होती. २००८ मध्ये 'सर्क्युलेशन'मध्ये ९७ रुग्णांचे निकाल आले. कमी मात्रेत ३३, जास्त मात्रेत ३४, प्लासिबोत ३०. सहा महिन्यांनी व्रणाच्या जागेचं किंवा एकूण हृदयाचं आकुंचन प्लासिबोपेक्षा सुधारलं नव्हतं. जास्त मात्रेच्या गटात डावा कप्पा फुगण्याचं प्रमाण मात्र कमी झालं होतं, आणि हा धागा पुढे काहींनी धरून ठेवला. लयबिघाड? पेशी मिळालेल्यांत आकड्याने जास्त, पण फरक सांख्यिकीच्या कसोटीला उतरला नाही.

इथे बरेच वाचक फसतात. 'लक्षणीय फरक नाही' याचा अर्थ 'धोका नाही' असा लावला जातो. एक काल्पनिक हिशोब करून बघा. समजा प्लासिबोत शंभरात सातांना व्हीटी होतो आणि पेशींमुळे तो दुप्पट, म्हणजे शंभरात चौदांना होतो. ३० जणांच्या प्लासिबो गटात दोन रुग्ण अपेक्षित, ६७ जणांच्या पेशी गटात नऊ. दोनाचा तीन आणि नवाचा सात व्हायला नशिबाचा एखादा झोका पुरतो. असा दुपटीचा फरक भरवशाने पकडायला दर गटात सुमारे तीनशे रुग्ण लागतात. म्हणजे धोका खरोखर दुप्पट असता तरी ९७ जणांच्या चाचणीला तो बहुधा पकडता आला नसता. फायदा मोजायला काढलेल्या चाचणीला धोका मोजायचं बळ असतंच असं नाही, आणि फायदा नाही म्हणून ती लवकर थांबली की उरलंसुरलं बळही जातं.

दुसरी अडचण कालावधीची. पहिल्या मालिकेतल्या नऊ रुग्णांचा पाठपुरावा २००६ मध्ये छापला गेला, मध्यम कालावधी ५२ महिन्यांचा. एकूण पाच जणांना आयसीडी बसवला गेला होता. त्यांतल्या तिघांना शस्त्रक्रियेनंतर ६, ७ आणि १८ महिन्यांनी लयबिघाडाची वादळं आली, अमायोडॅरोन आणि बीटा ब्लॉकर दोन्ही सुरू असताना; यंत्राने मिळून १४ योग्य शॉक दिले. ही वादळं पेशींमुळे की जुन्या व्रणामुळे, ते पुन्हा सांगता येत नाही. पण धोका पहिल्या महिन्यापुरताच, सूज उतरली की संपला, असं गृहीत धरणाऱ्यांनी अठरावा महिना लक्षात ठेवायला हवा. मॅजिकचा मुख्य निकाल सहाव्या महिन्याला थांबतो.

कॅथेटरने मायोब्लास्ट देणाऱ्या दोन चाचण्यांचे निकाल २०११ मध्ये आले, सिस्मिक आणि मार्व्हल. पहिलीत ४० रुग्ण, फायदा ठोस नाही. दुसरी पैशाअभावी २३ रुग्णांवर थांबली आणि तिच्यात पेशी मिळालेल्यांत व्हीटी अधिक दिसला. सुईने मायोब्लास्ट टोचण्याचा मार्ग इथे जवळजवळ बंद झाला.

टोचण्याऐवजी पांघरणं

जपानमध्ये ओसाका विद्यापीठाच्या योशिकी सावा यांनी वेगळी वाट घेतली. मायोब्लास्टचा पातळ पडदा वाढवायचा आणि तो हृदयाच्या बाहेरून पृष्ठभागावर पांघरायचा. सुई नाही, भिंतीच्या आत पुंजके नाहीत, म्हणजे विजेच्या वाटांना धक्का कमी. अर्थात पडदा आकुंचनाला हातभार लावणार नाही हेही मान्य केलेलं. त्यातून झिरपणाऱ्या रसायनांनी खालचं हृदय सावरेल ही आशा. तेरुमो कंपनीच्या या उत्पादनाला, हार्टशीटला, २०१५ मध्ये जपानने सशर्त आणि मुदतीची मान्यता दिली. अट अशी की बाजारात असतानाच परिणाम सिद्ध करायचा. तो सिद्ध झाला नाही असं तिथल्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये ठरवलं आणि उत्पादन मागे गेलं. तालाचा धोका कमी करण्याचा उपाय सापडला, पण ज्यासाठी धोका पत्करायचा तो फायदाच हाती लागला नाही.

आपल्याकडे या कथेचा संबंध एका ठिकाणी थेट येतो. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं रक्तजनक मूळ पेशींचं (स्टेम सेलचं) प्रत्यारोपण सोडलं, तर मूळ पेशींचा कोणताही वापर मान्य उपचार नाही; तो फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीतच करायचा. तरीही हृदय 'नव्याने घडवून देण्याच्या' जाहिराती दिसतात आणि ईएफ वीसवर आलेल्या माणसाचे नातेवाईक त्या जपून ठेवतात, यात त्यांचा दोष नाही. अशा ठिकाणी चौकशी करताना ईएफ किती वाढेल हे विचारण्याआधी विचारावं: पेशी कोणती, हृदयपेशींशी ती जुळते याचा पुरावा काय, टोचल्यावर किती आठवडे ताल सतत नोंदवणार, आयसीडी नसेल तर रात्री दोन वाजता व्हीटी झाला तर काय, आणि ही चाचणी असेल तर रुग्णाकडून पैसे का घेताय. चाचणीची नोंदणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

जुळणारी पेशीही ताल बिघडवते

मायोब्लास्टचा धडा असा घेतला गेला की खरी हृदयपेशीच रोवावी, म्हणजे दरवाजे जुळतील. गर्भमूळ पेशींपासून (भ्रूणातून घेतलेल्या स्टेम सेलपासून) बनवलेल्या मानवी हृदयपेशी २०१२ मध्ये गिनीपिगमध्ये रोवल्या, त्या यजमान हृदयाशी जुळल्या आणि लयबिघाड कमीही झाला. मग २०१४ मध्ये सिअ‍ॅटलच्या चार्ल्स मरी यांच्या गटाने माकडांना १०० कोटी पेशी दिल्या. पेशी जगल्या, जुळल्या, ठोक्याला ठोका देऊ लागल्या. आणि माकडांना लयबिघाड झाला. २०१६ मध्ये जपानमधल्या माकडांवरच्या प्रयोगातही तेच.

कारण या वेळी उलटं होतं. या पेशी कोवळ्या असतात आणि कोवळी हृदयपेशी आज्ञेची वाट पाहत नाही, स्वतःच ठोके देते. न जुळलेला मायोब्लास्ट लहर अडवतो, तर जुळलेली कोवळी पेशी स्वतःची लहर हृदयावर लादते. लहान प्राण्यांत हे झाकलं गेलं असावं, कारण उंदराचं हृदय मिनिटाला पाचशेच्या वर धावतं. त्यापुढे रोवलेल्या पेशीचा ठोका मागे पडतो. माकडाचं हृदय त्याहून खूप सावकाश, माणसाचं आणखी सावकाश. तिथे ती पेशी आघाडी घेते. माकडांत हा त्रास पेशी प्रौढ होत गेल्या तसा काही आठवड्यांत ओसरला. पण ईएफ वीस असलेला माणूस असे काही आठवडे कसे काढणार, हा प्रश्न राहतोच.

सिअ‍ॅटलच्या गटाने पुढे डुकरांवर अमायोडॅरोन आणि ठोके सावकाश करणारं इव्हाब्रॅडिन एकत्र देऊन पाहिलं, त्याने त्रास आटोक्यात आला. २०२३ मध्ये त्यांनी पेशीच बदलली: ठोका सुरू करणाऱ्या प्रवाहांची तीन जनुकं काढून टाकली आणि पेशीला विश्रांतीत स्थिर ठेवणाऱ्या एका पोटॅशियम वाहिनीचं जनुक वाढवलं. अशा पेशी डुकरांत रोवल्यावर लयबिघाड झाला नाही, तरीही त्या यजमानाच्या ठोक्यावर आकुंचन पावत राहिल्या. मेनाशे यांनी स्वतः २०१४ पासून सुई सोडून फायब्रिनच्या (रक्त गोठताना बनणाऱ्या प्रथिनाच्या) ठिगळात गर्भमूळ पेशींपासून बनवलेल्या पूर्वज पेशी बसवून त्या हृदयावर लावल्या. त्या सहा रुग्णांच्या मालिकेत पेशींमुळे झालेला लयबिघाड नोंदला गेला नाही. पण सहा रुग्ण म्हणजे पुन्हा पहिल्या टप्प्याचाच आकडा. त्यावरून धोका नाही म्हणायला २००३ मध्ये दहा रुग्णांवरून धोका आहे म्हणण्याइतकाच आधार आहे.